हाताला बसलेली मशीन

अर्पिताच्या नव्या घरात पडद्यांच्या दांड्या दिवाळी जवळ आली तरी दारामागेच उभ्या होत्या. यवतमाळात सुतार मिळत नाहीत असं नाही, पण चार होलांसाठी यायला एकही तयार नव्हता. "येतो ताई" म्हणणारे सगळे आले ते फोनवरच. शेवटी तिने ठरवलं, ड्रिल मशीन आपणच घ्यायची. नवरा रजत म्हणाला, "घे." घरच्या कामात रजतचा हातभार साधारण एवढाच असतो.

घ्यायची म्हणजे कोणती? मोबाईलवर तिने लोकांची मतं वाचली. एक म्हणतो बॅटरीची घ्या, दुसरा म्हणतो बॅटरीची घेणारा पस्तावतो. वाचून वाचून ती एवढी शहाणी झाली की काहीच ठरेना. मग ती एसटीत बसली आणि दिग्रसला गेली. तिथे प्रफुल्लदादाचं, तिच्या सख्ख्या भावाचं, हार्डवेअरचं दुकान आहे.

दादाने गिऱ्हाइकं वहिनीवर सोपवली आणि बहिणीला घेऊन बसला. "बॅटरीची घेऊ नोको," तो म्हणाला. "तुह्यं काम वर्षातून चारदा. पडून पडून मरते बॅटरी. वायरवाली घे. अन् हे पाह्य, हातोड्याचं बटन. विटेच्या भितीले हे चालू कराचं, लाकडाले बंद." एक मोठी मशीन तिने स्वतःहून उचलली, ती त्याने काढूनच घेतली. "हे कायले? तुले काय धरन बांधाचं हाय?"

मग मापातल्या मशिनी त्याने एकेक करून तिच्या हातात दिल्या आणि दुकानामागे ठेवलेल्या विटेवर होलं पाडायला लावली. मशीनच्या टोकाच्या बिटला रंगीत टेप गुंडाळली की होल किती खोल गेलं ते कळतं, खाली कागदाची घडी चिकटवली की भुकटी घरभर होत नाही, सगळं दाखवलं. तिसरी मशीन तिच्या हाताला बसली.

"मनगट दुखलं?"

"नाई."

"मंग हेच."

"इचार करून सांगते," अर्पिता म्हणाली. सख्ख्या भावाच्या दुकानात असं कोणी म्हणतं का? पण ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये, आर्णी यायच्या आत, तिने तीच मशीन मोबाईलवर मागवून टाकली. दिवाळीचा सेल होता, बरीच स्वस्त होती. मनाची समजूत घालायला कारणंही तयार होती. दादा आपल्याकडून पैसे घेणार नाही, मग वहिनीचं तोंड वाकडं होईल, त्यापेक्षा हे बरं. कारणं सगळी खरी होती. तरी मोबाईल पर्समध्ये टाकताना तिने चोरासारखं आजूबाजूला पाहिलं.

मशीन आली. होलं अशी सरळ पडली की अर्पिता स्वतःवरच खूश झाली. टेप, कागदाची घडी, सगळं शिकवलं तसंच. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ज्याला सांगावं असा एकच माणूस होता. संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"ठरलं का व बाई?"

"अजून नाई रे. दिवाळीनंतर पाहू."

फोन ठेवला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. खोटं बोलायला माणूस तरी परका बघावा.

भाऊबीजेच्या सकाळी तिने मशीन पलंगाखाली ढकलली आणि वर जुनी गोधडी टाकली. पडद्यांचं मात्र काही करता येईना. काढावेत तर भिंतीतली होलं उघडी पडणार. "शेजाऱ्यांची मशीन आणली होती म्हण," रजतने सुचवलं. असल्या कामात त्याचं डोकं बरं चालतं.

दादा आला, पाटावर बसला. तिने ओवाळलं. तबकात पाकीट पडेल म्हणून ती थांबली, तर त्याने पिशवीतून खोकं काढलं. ते तबकात मावेना, म्हणून तबक खाली ठेवायला लावून तिच्या हातातच दिलं. वजनावरूनच तिला कळलं.

"तूनं दुकानात धरली होती तेच हाय," दादा म्हणाला. "त्याच दिवशी काउंटरखाली ठेवून देलती. मांगाले आलते लोकं, म्या म्हनलं, इकली."

तिने खोकं उघडलं. मशीनच्या तोंडाला विटेची लाल भुकटी अजून होती. अर्पिताला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

तेवढ्यात दादाचं लक्ष खिडकीकडे गेलं. "अन् हे पडदे कोनं लावले?"

शेजाऱ्यांचं नाव तिच्या ओठावर होतं. दादा उठला, पडदा बाजूला सारला. एका होलाखाली कागदाची घडी चिकटलेली होती, काढायची राहून गेली होती. त्याने ती हलकेच सोडवली, आतली भुकटी सांडू न देता. तिच्याकडे त्याने रागाने पाहिलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

"दादा, म्या घेतली रे," ती म्हणाली. "त्याच दिवशी, बसमंधीच मांगवली. तुह्यापासून सारं शिकून गेली अन् तुह्याशीच खोटं बोलली. पलंगाखाली हाय."

रजतला अचानक चहाची आठवण झाली आणि तो स्वयंपाकघरात गेला.

दादाने पलंगाखालची मशीन काढायला लावली, उलटसुलट करून पाहिली. "चांगली हाय," तो म्हणाला. मग ती खोक्याशेजारी ठेवत, "घेतली त घेतली व. स्वस्त भेटली, घेतली. मी बी दुकानदार हाव, समजते मले. पन पयलं होल पाडाच्या येळेले बलावाचं होतं. मी काई मशीन धरली नसती. नुसता उभा राह्यलो असतो."

अर्पिताला रडू आवरेना.

"रडते काहून? काई लावाचं राह्यलं का?"

राहिली होती, मसाल्याच्या डब्यांची फळी. स्वयंपाकघरात दादाने आपण आणलेली मशीन तिच्या हातात दिली आणि हात पाठीशी बांधून मागे उभा राहिला. टेप बरोबर होती, घडी बरोबर होती. पण बटण दाबताना तिने मागे वळून दादाकडे पाहिलं. बिट सरकली आणि होल खुणेच्या खाली, तिरपं पडलं. घरातलं पहिलंच वाकडं होल.

"बुजवते," ती घाईने म्हणाली. "बाजूले दुसरं पाडते."

दादा वाकला, होलावर हलकेच फुंकर मारली आणि बोटाने कड पुसली.

"राहू दे," तो म्हणाला. "हे एक माह्यासमोर पडलं."