वाजवल्याबिगर माल न्हाई

गोजाबाईच्या तोंडाला लागू नका, असं आमच्या आळीत समदी म्हनत्यात, आन ते काय खोटं न्हाई. मी चिंचवडची. घर पवनेच्या काठाला आन पोट कारखान्यावर. पिंपरीला सरकारी औषधाचा कारखाना नुकताच धूर काढाया लागला व्हता, त्या सालातली ही गोष्ट हाय. आमचा कारखाना मातूर ल्हान. टेशनाच्या अलीकडं पत्र्याची येक शेड, मधी भट्टी, आन मारुतराव मालक. पुन्याचं मानूस, बिडाच्या लोखंडाचं पंपाचं भाग ओतून द्यायचं.

नवऱ्याचं नाव घिऊ नये म्हनत्यात. पन गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागतंय. भैरू. समोर मी त्याला तुमी म्हनते, माघारी येकेरीच येतंय तोंडात, काय करू. हा भैरू भट्टीच्या माचीवर उभा असायचा. भट्टी मानसापरीस उंच, माचीवरनं तिच्या तोंडात टोपल्या रिकाम्या करायच्या. येक कोळशाची, येक लोखंडाची. खाली अकबर मिस्त्री. आग कवा मऊ, कवा कडक, ते त्यानं बगायचं.

आन मी भंगारावर. ओतकामाला नवं लोखंड थोडं आन भंगार जास्त लागतंय. मोडक्या मशिनी, गंजके नळ, लढाईच्या येळचं सामान, जे लिलावात घावंल ते. ट्रक यायचा, ढीग पडायचा, आन त्या ढिगाशी मी हातोडा घिऊन बसायची. येकेक नग उचलायचा आन वाजवायचा. भरीव असला की खनकन बोलतो. पोकळ असला की बद्द. पोकळ आन दोनी तोंडं बंद, तर तो बाजूला काढायचा. त्याला छिन्नीनं भोक पाडल्याबिगर वर न्यायचा न्हाई, कारन आत पानी बसलेलं असतंय, न्हाईतर त्याल, न्हाईतर लढाईचं आनखी काय. पेटत्या भट्टीत असला बंद नग गेला की तो फुटतो, आन जे काय वितळलेलं असंल ते वर उभं राहिलेल्याच्या तोंडावर येतंय. वाजवलेल्या मालाला मी चुन्याचा पट्टा मारायची. चुना न्हाई तो माल माचीवर चढवायचा न्हाई. हा कायदा मालकांनीच घातलेला, मी काय शानी म्हनून न्हाई.

माझा थोरला भाऊ ज्योतीराम दुसऱ्या येका भट्टीवर व्हता, लांब. तितं येका बंद नळीत पानी व्हतं. त्याला घरी आनला तवा आईलासुदिक वळखू आला न्हाई. तवापासनं मी भंगाराला भिते. आन भिते म्हनून वाजवते. ह्यात शानपन कसलं आलंय?

तर खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिशी हत्याराची पूजा असती. घन, छिन्न्या, सांडशा, मिस्त्रीची लांब सळई, समदं घासून पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. येकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपत्तुर त्याला कुनी हात लावायचा न्हाई. देवीनं ठिऊन घेतलेलं असतंय. माझा हातोडाबी त्यात. सकाळी म्याच त्याला घासला, म्याच कुंकू लावलं.

मालकांनी दसऱ्याचा मुहूर्त धरलेला. कोल्हापूरकडचं मोठं गिऱ्हाईक यायचं व्हतं, त्याच्यासमोर त्याच्या मालाची पैली ओत. सकाळी भट्टी पेटवायची, दुपारपत्तुर लोखंड व्हायाला पायजे. आन त्यासाठी लिलावाचा माल चार दिस आधी यायचा व्हता, तो आला नेमका पूजा झाल्यावर. ट्रकवाला म्हनला, नाक्यावर चाक बसलं व्हतं. ढीग पडला. जुना माल तर कवाच संपलेला.

मी मालकांना इचारलं, "आता हे वाजवायचं कवा?"

"उद्या."

"उद्या सकाळी भट्टी पेटतीया. येवढा ढीग वाजवायला आर्धा दिस जातो."

मारुतराव पेढ्याचा बॉक्स सोडत व्हते. "गोजाबाई, हा लष्करी माल आहे. ते लोक लिलावाला काढण्याआधी सगळं तपासतात. मोकळं करून, निवडून देतात. आपण पुन्हा काय तपासायचं? उद्याचा एक दिवस माल तसाच टाकू."

"मंग कायदा कशाला घातला?"

"कायदा मीच घातला ना? मग एक दिवस मीच बाजूला ठेवतो."

मानूस वाईट न्हवता, हे मी आजबी सांगते. पगार येळेवर द्यायचा, दिवाळीला लुगडं द्यायचा. पन गिऱ्हाईक आन मुहूर्त येकत्र आलं की शाना मानूसबी आंधळा व्हतो. मी भैरूकडं बगितलं. उद्या माचीवर ह्योच उभा राहनार, दुसरं कोन? तर ह्यो पेढा खात व्हता.

मी ढिगाशी गेले. आधी दगडानं वाजवून बगितलं. दगडानं सगळं सारखंच ठकठक करतंय, काय कळंना. येक पंपाचं टोपन घिऊन दुसऱ्यावर आपटलं, तर दोनी येकदम वाजाया लागली, कोन काय बोलतंय ते उमगंना. उन्हं डोक्यावर आली. ढिगात नळ्या व्हत्या, टोपनाच्या डब्या व्हत्या, येक लांबडं नळकांडं व्हतं, दोनी तोंडाला गंज चढून कुटं उघडं, कुटं बंद, काय दिसंना. मला ज्योतीरामाचं तोंड दिसाया लागलं, म्हंजी जे तोंड न्हवतं ते.

मंग मी उठले, शेडमधी गेले, आन पाटावरचा हातोडा उचलला.

झेंडूचं फूल खाली पडलं, ते मी परत पाटावर ठिवलं. देवीला म्हनलं, बाई, तुझ्याकडं तिरसूळ हाय, तलवार हाय, माझ्या हातोड्यावाचून तुझं काय अडतंय? माझं अडतंय.

पैला बोलला तो माझाच नवरा.

"गोजे, ठिव खाली."

"न्हाई ठिवत."

"पूजेला बसवलेलं हत्यार हाय ते. देवी कोपली तर भट्टीवर मी हाय, तू न्हाई."

"भट्टीवर तुमी हाय म्हनूनच उचललाय."

चारचौघांत बायकूनं उलटून बोलावं, हे त्याला लई लागलं. त्याचं कान लाल झालं. तो माझ्या हाताला धराया आला, तर मी म्हनलं, "धरा, पन मंग समद्यांसमोर मला वडत न्यावं लागंल, आन मी गप वडून घिनार न्हाई." तो थांबला. मला वळखून व्हता.

मारुतराव बाहेर आले. "गोजाबाई, सणासुदीला अपशकुन नको. ठेव ते. मी सांगतोय."

"मालक, तुमी सांगताय, आन मी ऐकत न्हाई."

"कामावर राहायचंय ना?"

"ऱ्हायचंय. पन आज वाजवल्याबिगर ह्या ढिगातला खिळासुदिक वर जायाचा न्हाई. मला काढायचं तर आत्ताच काढा, पन काढलं तरी मी हितं ढिगावर बसून वाजवीन. बगू कोन उठवतंय."

मी अकबरभाईकडं बगितलं. त्यानं तरी कायतरी बोलावं असं मला वाटत व्हतं. तो जवळ आला आन हळू म्हनला, "बाई, हा तुमच्या देवाचा मामला. मी तोंड उघडलं तर लोक भलताच अर्थ काढतील." आन त्याचं खरं व्हतं. मंग तो गेला, चुन्याचं डबडं घिऊन आला, माझ्याशेजारी ठिवलं आन तितंच बिडी पेटवून बसला. दिस मावळंपत्तुर उठला न्हाई.

मी वाजवाया लागले. नग उचल, मार, ऐक, टाक. कुंकवाचा लाल डाग माझ्या तळहाताला लागला, तो घामानं कोपरापत्तुर आला. मानसं येत व्हती, बगून जात व्हती. बायका कुजबुजत व्हत्या. कुजबुजू दे. खनकन, खनकन, खनकन. मंग ते लांबडं नळकांडं आलं. मारलं, तर येक तोंड मोकळं, आतनं नुसती माती पडली. डब्यांची टोपनं येकेका टोल्यात निघाली, आत कायबी न्हवतं. दिस टेकडीमागं गेला तवा ढीग संपला, समद्या मालावर चुना, आन बाजूला काढायला येकबी नग न्हाई.

मारुतराव हात मागं बांधून उभं व्हते. "निघालं काही?"

"न्हाई."

"एक तरी?"

"येकबी न्हाई."

शेडच्या दारात कुनीतरी हसलं. मालक म्हनले, "मग एवढं कशासाठी केलंस? देवाचं हत्यार बाटवलं, माझा शब्द मोडला, आणि निघालं काय? काहीच नाही."

मी उठले. "मालक, कायबी न्हाई निघालं, हे मला आत्ता कळलंय. दुपारी तुमालाबी म्हाईत न्हवतं आन मलाबी. उद्या माझा मानूस वर उभा राहील तवा मी घरात निवांत भाकरी थापीन. तुमी म्हना कायच न्हाई. मला हेच पायजे व्हतं."

"थाप भाकरी," मालक म्हनले. "दसऱ्यापासून घरीच थाप."

म्हंजी मला काढलं. मी हातोडा धुतला, पुसला, परत कुंकू लावून पाटावर ठिवला, आन घरी आले.

दसऱ्याला भट्टी पेटली, ओत झाली, गिऱ्हाईक खूष झालं. देवी काय कोपली न्हाई. भैरू मातूर कोपला. आळीत समद्यांना सोनं वाटत हिंडला, आपट्याचं पान येकेकाच्या हातावर ठिवून पाया पडला, आन माझ्यापुढनं सरळ आत निघून गेला. मला रडू आलं. मालकांनी काढलं तवा आलं न्हाई, पानासाठी आलं. मंग डोळं पुसलं आन त्याच्याच ताटात दोन घास जास्त वाढलं, म्हनलं खा, रागाला बळ लागतंय.

असं बरंच दिस गेलं. तो बोलायचा न्हाई, मी बोलायची थांबायची न्हाई.

दिवाळीच्या आधी परत माल आला. माझ्या जागी मालकांनी सोजराबाईला बसवलं व्हतं, माझीच शेजारीन, गरीब सोभावाची. पुढचं मला अकबरभाईनं सांगितलं. भट्टी पेटली व्हती, पंखा सुरू झाला व्हता, कोळसा लालबुंद. भैरूनं पैली लोखंडाची टोपली वडून घेतली आन तोंडाशी नेऊन थांबला. वरनं इचारलं, "सोजरा, वाजवलंस का समदं?"

सोजराबाई खाली बगाया लागली. तिला खोटं बोलता येत न्हाई. म्हनली, "मालक म्हनले, घाई हाय, नुसता चुना लाव."

भैरूनं टोपली खाली ठिवली.

मालक म्हनले, "टाक भैरू. कोळसा जळतोय."

"जळू द्या," भैरू म्हनला. "वाजवल्याबिगर माझ्या हातनं टोपली रिती व्हनार न्हाई." आन माचीवरनं उतरला. मालकांनी दुसऱ्याला वर जा म्हनलं, तर दुसरा जागचा हलला न्हाई. अकबरभाईला म्हनले, तर तो म्हनला, "मालक, आता मी बोललो तर चालेल. माल वाजवलेला नाही."

मी घरी भांडी घासत व्हते. दारात भैरू, तोंड काळं, धापा टाकत.

"चल."

"कुटं?"

"माल वाजवायला."

मी हात धुतलं न्हाईत. म्हनलं, "देवी कोपंल की."

तो उंबऱ्यावर बसला. कधी न्हाई ते माझ्याकडं नीट बगून बोलला. "गोजे, दसऱ्याला मी तुझ्यावर जळत व्हतो, पन वर उभा राहिलो तवा येका टोपलीला भ्यालो न्हाई. आज टोपली उचलली आन ती रिती कराया हात उठंना."

मी पदरानं त्याचं तोंड पुसलं, काळं काय निघालं न्हाई, पन पुसलं. आन आमी दोघं निघालो.

फाटकात मारुतराव उभं व्हते. मागं भट्टी घोंघावत व्हती. त्यांनी घड्याळ बगितलं, मला बगितलं, भैरूला बगितलं. मी म्हनलं, "मालक, पुढल्या खंडेनवमीला फूल वाहायचं तर ढिगावर यिऊन वाहा. हातोडा माझ्याकडंच ऱ्हाईल."

ते बाजूला सरले.

सोजराबाईनं मला जागा करून दिली आन स्वताबी दुसरा हातोडा घिऊन बसली. तिनं लावलेला चुना आमी आधी समदा पुसून काढला. मंग पैल्या नगापासनं सुरवात केली. भट्टी रिकामीच जळत व्हती, आन आमी जळू दिली.