गाळलेलं वळण

कासवताईला कासव हे नाव कराटेच्या सरांनीच ठेवलं, आणि सरांनी ठेवलेलं नाव जन्मदाखल्यावरच्या नावापेक्षा पक्कं. पहिल्याच दिवशी सगळा वर्ग चकरा संपवून हाशहुश करत बसला, तरी ही बाई आपली एकटी पळतच होती. सर म्हणाले, "हे कासव पोचणार बघा." पोचणार ते खरं, पण कधी, हे काही ते बोलले नाहीत. पांढरा पट्टा गेला, पिवळा आला, हिरवा आला आणि तपकिरीवर येऊन गाडी जी अडली ती अडलीच. मागच्या खेपेला काळ्या पट्ट्याच्या परीक्षेच्या आठवड्यात तिच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ती दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. तिच्यानंतर आलेली पोरं काळे पट्टे बांधून कुठल्या कुठे गेली.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर फ्रेममध्ये काचा बसवायच्या आणि संध्याकाळी क्लासला पळायचं. नवरा इलेक्ट्रिशियन, जिभेने जरा तिखट. "चाळिशीत लोक चष्मा लावतात," तो पाहुण्यांना सांगायचा, "आमची ही लोकांना चष्मे लावते आणि स्वतः पट्टा लावते." पण क्लासच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक तोच करायचा. तो खाण्यासारखा नसायचा, ही गोष्ट वेगळी.

क्लास म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. खालून रबराचा वास यायचा, वर घामाचा. निळ्या मॅट, एका भिंतीला आरसा, आरशाला कोपऱ्यात तडा. नियम एकच आणि तो सगळ्यांना पाठ: मॅटवर तोंड बंद. सर करून दाखवणार, तुम्ही बघणार, तसंच्या तसं करणार. का, कसं, कशासाठी, असलं काही विचारायचं नाही. "तोंडाने शिकता येत असतं तर पोपट पैलवान झाले असते," असं सर म्हणायचे. हे ते पोपटाकडे बघूनच म्हणायचे. पोपट म्हणजे औषधाच्या दुकानातला एक बडबड्या गडी, तोही तपकिरी पट्ट्याचा. शिवाय कॉलेजात जाणाऱ्या दोन बहिणी होत्या, त्यांना सगळे धाकट्या म्हणत. यंदा काळ्या पट्ट्याला बसणार होते ते हे चौघं.

उन्हाळ्यात सरांचं मोजणं बिघडलं. लाथांचा सराव चालू असताना ते सहा, सात, आठ म्हणत आणि पुन्हा पाचावर येत. पुन्हा आठ, पुन्हा पाच. मुलं बिचारी लाथा मारत राहायची. जिना उतरताना म्हणायची, "आज सरांनी पार पिट्टा पाडला." कोणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही. सर चुकतील ही कल्पनाच त्या हॉलमध्ये शिरली नव्हती. कासवताईलाही वाटलं, सर आपल्या दमाची परीक्षा बघताहेत.

मग काता सुरू झाला. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची ठरलेली साखळी. समोर कोणी नसतं, पण आहे असं समजून लढायचं. काळ्या पट्ट्याच्या कात्यात मध्यावर एक वळण होतं. पुढे ठोसा मारता मारता अचानक गर्रकन मागे फिरायचं, मागून येणाऱ्याला अडवायचं आणि परत पुढे. सगळ्या कात्याचा जीव त्या वळणात. बाकीच्या तिघांनी हा काता कधी पाहिलाच नव्हता. कासवताई मात्र मागच्या खेपेला तो घोटून घोटून शिकली होती, सासऱ्यांजवळ दवाखान्यात बसल्या बसल्यासुद्धा तिचे पाय बाकाखाली तेच करत होते.

सरांनी करून दाखवलं आणि ते वळण खाल्लं. ठोसा, मग सरळ पुढचा ठोसा. मध्ये काही नाही.

सगळे मागोमाग करू लागले. कासवताईचे पाय सवयीने मागे फिरले. मागच्या रांगेतल्या धाकटीचा ठोसा तिच्या नाकाला लागता लागता राहिला. सगळे थांबले. सर म्हणाले, "कासव, झोपेत आहेस काय? परत."

ती परत उभी राहिली. सरांनी परत दाखवलं, आणि परत तसंच. तिने सरांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. ना थट्टा, ना परीक्षा. माणूस नेहमीसारखा शांत होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

घरी जाताना तिने पोपटाला जिन्यातच गाठलं. "सर वळण विसरले."

"कोण विसरलं?"

"सर. मी मागे शिकले तेव्हा होतं ते. तुला दाखवते, थांब."

"ताई, तुझी जीभ कशी रेटली गं? सर विसरले म्हणे! उद्या म्हणशील सूर्य विसरला. बदललं असेल संघटनेच्या वरच्या लोकांनी. तू मागचं डोक्यातून काढून टाक आणि आत्ताचं कर." आणि खालच्या पायरीवरून वर बघून तो म्हणाला, "धाकट्यांना असलं काही सांगू नकोस. पोरींच्या डोक्यात संशय आला की पाय लटपटतात."

तिला वाटलं, असेलही बदललं. आपण कोण मोठे लागून गेलो? पण मोजणंही बदललं होतं का? रविवारी ती सरांच्या घरी गेली. सर आतल्या खोलीत झोपले होते. सरांच्या पत्नी, काकू, भाजी निवडत होत्या. हिने नुसतं "काकू, सर बरे आहेत ना?" एवढंच विचारलं, तर काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"तुझ्या लक्षात आलं म्हणजे," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, कोणाच्या आलं तर तुझ्याच येणार." डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा आजार असाच एकेक गोष्ट नेणार. आधी ताज्या गोष्टी, मग जुन्या, मध्येच एखादा दिवस लख्ख. औषध आहे, उपाय नाही. "त्यांना माहीत नाही. परवा लिफ्टमध्ये उभे राहिले, कुठल्या मजल्यावर जायचं ते आठवेना. घरी येऊन मलाच म्हणाले, लिफ्ट बिघडलीय. मी हो म्हटलं. मी सगळ्यालाच हो म्हणते गं आता."

"पण काकू, परीक्षा आहे. वरून लोक येणार. चौघांचंही चुकणार."

"मला कळतंय." काकूंनी तिचा हात धरला. त्यांच्या बोटांना कोथिंबिरीचा वास येत होता. "पण तू त्यांच्यासमोर बरोबर करशील तर ते विचारतील, हे कुठून आलं. मग त्यांना कळेल. त्यांना दुसरं काही येत नाही, बाई. ना मुलं, ना शेतीवाडी. त्यांचं त्यांना कळलं तर त्या दिवशीच संपतील ते. त्यांना कळू देऊ नकोस. शब्द दे मला."

शब्द देणं किती सोपं असतं! तोंडातून निघतो आणि मग जन्मभर मानगुटीवर बसतो. कासवताईने शब्द दिला. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो नेहमीसारखं काही लागट बोलेल असं तिला वाटलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तू मुद्दाम नापास होणार?"

"मग काय करू?"

त्याने तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, ती तिला नको होती, तरी तिने खाल्ली.

पुढचे सगळे दिवस ती सरांचा काता करत राहिली. घोटलेलं विसरणं हे शिकण्याहून कठीण, हे तिला तेव्हा कळलं. दुकानात काच बसवताना पाय आपोआप मागे फिरू बघायचे आणि ती त्यांना काउंटरखाली दाबून धरायची. क्लासमध्ये धाकट्या मान खाली घालून, तल्लीन होऊन, चुकीची गोष्ट इतकी सुरेख करायच्या की तिला रडू यायचं. एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगावं असं तिला फार वाटलं. पण त्यांनी बरोबर केलं तरी सरांना कळणार होतं. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये तिला उभं करून सगळे आपापल्या कामाला लागले होते.

परीक्षेच्या सकाळी संघटनेकडून आलेले मोठे परीक्षक जिना चढत असताना तिने त्यांना अडवलं. ते सरांच्याच वयाचे, तरुणपणी दोघं एकाच गुरूकडे शिकलेले. "साहेब, एक मिनिट बोलायचं होतं. सरांबद्दल."

परीक्षकांनी हात वर केला. "परीक्षेला बसणाऱ्याने परीक्षकाशी बोलायचं नाही. तुमच्या सरांनी शिकवलं नाही का?" आणि ते वर गेले. चुकीचं असं ते काहीच बोलले नव्हते.

सर त्या दिवशी लख्ख होते. दाढी घोटलेली, कपडे कडक, पाठ ताठ. जुन्या मित्राला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की काकूंच्याही जिवात जीव आला. काकू मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दोघे म्हातारे गुरूंच्या काठीच्या आठवणी काढून खो खो हसले. सरांना सगळं आठवत होतं. गुरूंच्या कुत्र्याचं नावसुद्धा आठवत होतं.

वरिष्ठ आधी, या रीतीने पहिली पाळी कासवताईची. ती मॅटच्या मधोमध उभी राहिली. काता सुरू झाला. पाय पडत होते, श्वास जागेवर होता, आणि आजवरचा तिचा हा सगळ्यात चांगला काता आहे हे तिचं तिला कळत होतं. मग ते ठिकाण आलं. ठोसा. सगळं अंग मागे फिरायला निघालं. तिने ते आवरलं आणि सरळ पुढचा ठोसा मारला.

"थांब!"

हा आवाज परीक्षकांचा नव्हता. सरांचा होता. ते खुर्ची मागे सारून मॅटवर आले. "वळण कुठे गेलं?"

ती तशीच उभी. मूठ पुढे, पाय रोवलेले.

"मागून माणूस येतोय, त्याला कोण अडवणार? तुझा नवरा?" आणि सरांनी ते करून दाखवलं. ठोसा, गर्रकन मागे, हात खाली, परत पुढे. वाऱ्यासारखं. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. परीक्षक स्वतःशीच "वा" म्हणाले. "हे असं! लोकांसमोर माझं नाक कापलंस. हे असलं कोणी शिकवलं तुला?"

काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

"माझंच चुकलं, सर," ती म्हणाली.

"बस खाली. एवढी वर्षं पाणी घातलं, ते पालथ्या घड्यावर!"

ती भिंतीशी जाऊन बसली. आपला पट्टा गेला याचं दुःख तिला होतंच, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी गोष्ट अजून व्हायची होती, आणि ती तिला एखाद्या ट्रकसारखी येताना दिसत होती. मध्ये जाऊन उभं राहण्याची सोय नव्हती.

दुसरी पाळी पोपटाची. त्याने सरांचं वळण आत्ताच पाहिलं होतं, तसं करायचं त्याने ठरवलंही असणार. पण इतके दिवस पायांना लावलेली सवय डोक्याचं ऐकते थोडीच? ठोसा, आणि सरळ पुढचा ठोसा. तो मध्येच थबकला, पांढराफटक पडला. सर ओरडायला उठले आणि अर्धवट उठून तसेच राहिले.

मग थोरली धाकटी. ठोसा, आणि सरळ पुढचा ठोसा. अडखळलेलं नाही, गोंधळलेलं नाही. स्वच्छ, ठाम, जशी खात्रीने शिकवलेली गोष्ट असते तशी.

सर हळूहळू खुर्चीत परत बसले.

मग तिची बहीण. तिच्या वेळी सर मॅटकडे बघतच नव्हते. ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते, पुन्हा पुन्हा उलटेसुलटे करून, हे कोणाचे आहेत असं.

निकाल सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. परीक्षकांनी पोरींना पाणी प्यायला पाठवलं. मग ते काकूंजवळ जाऊन हळू आवाजात बोलू लागले. क्लास, दुसरा कोणी तरुण माणूस, वरून पाठवावा लागेल, पुढच्या महिन्यापासून, असे तुकडे भिंतीशी ऐकू येत होते. परीक्षक मित्राबद्दल वाईट वाटून बोलत होते. काकू सवयीने हो म्हणत होत्या.

सर उठले आणि कासवताईशेजारी मॅटवर येऊन बसले. शिष्यांच्या रांगेत, भिंतीला टेकून. म्हणाले, "मीच ना?"

तिने काकूंना दिलेला शब्द आठवला. मग सरांच्या तोंडाकडे पाहिलं. "हो, सर."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता. "आणखी काय काय?"

आकडे, तिच्या मनात आलं. लिफ्ट. परवा त्यांनी तिला दोनदा विचारलं होतं, नवरा काय करतो म्हणून. ती आवाज न करता रडत होती, आणि सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, जणू लागलं होतं ते तिलाच.

पलीकडे परीक्षकांनी बॅग बंद केली. सरांनी तिकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे वळले. उभ्या आयुष्यात त्यांनी त्या हॉलमध्ये कोणाची परवानगी मागितली नव्हती.

"कासव," ते म्हणाले, "उद्या मी क्लासला आलो तर चालेल?"