रेणूच्या कपाळावरचा हूड

आमच्या विमानात चार खुर्च्या होत्या, दोन सुकाणू, सहा गोल तबकड्या, आग विझवायचं एक नळकांडं आणि मागच्या खिशात मी. मित्रांनो, मी एक जुना हूड आहे. घोड्याला झापडं लावतात ना, तसा वैमानिकाच्या कपाळावर बसणारा प्लास्टिकचा आडोसा. मला घातलं की खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, फक्त उंची, वेग, कल दाखवणाऱ्या समोरच्या तबकड्या दिसतात. ढगात शिरल्यावर विमान कसं चालवायचं, हे स्वच्छ आकाशात माझ्या मदतीने शिकवतात. बाहेर लक्ष ठेवायला शेजारी दुसरा वैमानिक असतो.

२००१ साली अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो आणि ॲन आर्बरच्या एका फ्लाइंग क्लबात आलो. माझा पेशाच संशयाचा. शिकणारा हळूच भुवई उंचावतो, हनुवटी वर नेतो आणि फटीतून क्षितिज चोरून बघतो. त्याची प्रत्येक हालचाल मला कळते, पण सांगता येत नाही. सुरुवातीला माझं कौतुक झालं. मग कोणीतरी चष्म्यासारखा हलका आडोसा आणला आणि माझी रवानगी खिशात झाली, जुने नकाशे आणि उलटीच्या पिशव्यांसोबत. माझा पट्टा सैल झाला. कोणी धूळही पुसली नाही.

२००८ च्या मार्चमध्ये रेणूने मला बाहेर काढलं. ती इथल्या विद्यापीठात संशोधन करायची, पण विमान चालवायला इंग्लंडमध्ये शिकली होती आणि तिकडेच परतणार होती. तिथे हौशी वैमानिकांसाठी ढगात उडण्याची एक छोटी पात्रता आहे. प्रशिक्षण किमान पंधरा तासांचं, मान्यता त्या देशापुरती. रेणूने ती मिळवली होती, पण गेलं वर्षभर तिचा सराव नव्हता. आता सगळ्या युरोपासाठी एकच नियमावली येणार आणि तीत ही पात्रता उरणार नाही, अशी धास्ती होती. ती गेली, तर ढग दिसला की रेणूला जमिनीवरच बसावं लागणार होतं. तिथले वैमानिक ती वाचवायला मोहीम चालवत होते आणि पुरावे मागत होते. रेणूने ठरवलं, वर्षभर सराव नसतानाही एवढ्या शिक्षणावर माणूस ढगातून मागे फिरू शकतो, हे मोजून दाखवायचं. वळताना उंची शंभर फुटांहून जास्त बदलली, तर प्रयोग फसला असं समजायचं.

शेजारी बसले नरेंद्रकाका, मूळ नागपूरचे, क्लबचे जुने प्रशिक्षक. मागे आकडे टिपायला उल्का, रेणूची रूममेट, नुकतीच फिजिक्सची पदवी घेतलेली.

"नवा चष्मा आहे की यार, हे डबडं कशाला?" उल्का म्हणाली.

"चष्म्याच्या बाजूने दिसतं. उद्या कोणी म्हणायला नको, हिने चीटिंग केलं."

डबडं म्हटलेलं मला लागलं, पण रेणूच्या उत्तराने मी सुखावलो.

दुपारचं लख्ख ऊन होतं. रेणूने विमान पूर्ण मागे वळवलं. उंचीतला फरक वीस फूट.

"वा! अगं, मलाही जमत नाही इतकं," काका म्हणाले.

मला मात्र चैन पडेना. भुवई हलली नव्हती, हनुवटी जागेवर होती. मग वर्षभराच्या खंडानंतर इतकं सुबक वळण आलं कुठून?

उतरल्यावर काका म्हणाले, "आजच मेल कर. पुरावे पाठवायची मुदत परवा संपते ना?"

उल्का टिपलेले आकडे पुन्हा बघत होती. मग म्हणाली, "काका, खिडकीच्या चौकटीची सावली पाहिलीत? वळताना तबकड्यांवरून सरकत होती. विमान किती कललंय, किती भरभर वळतंय, सगळं तिच्यावरून कळतं. ढगात सावली कुठून आणणार?"

"आता सूर्यावरही केस करणार का तू?" काका हसले. "ते लोक इथे तपासायला येणार आहेत थोडेच!"

"म्हणूनच," रेणू म्हणाली. "मी सावलीकडे बघत होते का, ते माझं मलाच सांगता येत नाहीये. उद्या ढगाळ आहे. परत करू."

"आणि उद्या शंभरच्या वर गेलं तर?"

"तर तेही पाठवीन. त्यांनी पुरावा मागितलाय काका, शिफारसपत्र नाही."

मी आयुष्यभर भुवयांवर पहारा दिला आणि ऊन माझ्या कडेखालून आत आलं. मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देऊ नका, तिची निगा राखा. पण तिच्यावर आंधळा भरवसाही ठेवू नका. ती काय झाकते आणि काय झाकत नाही, हे अधूनमधून तपासून बघा.

दुसऱ्या दिवशी आकाश राखाडी होतं. निघण्यापूर्वी उल्काने माझा पट्टा टेपने घट्ट केला. या वेळी आत कुठेही सावली नव्हती. ढगांच्या खाली राहूनच रेणूने वळण घेतलं. तिच्या कपाळावरचा घाम मला जाणवत होता. मध्येच पंख जास्त कलला, उंचीचा काटा घसरू लागला. काकांनी सुकाणूला हात लावला नाही. रेणूने पंख सावरला, काटा थांबला आणि वळण पूर्ण झालं.

संध्याकाळी तिने दोन्ही आकडे पाठवले. उन्हात वीस फूट. ढगाळ आकाशाखाली नव्वद फूट.