स्वस्त वाट

तात्यांच्या हिशेबात या कामातून तीन गोष्टी पदरात पडणार होत्या: कचेरीचं फुगलेलं टेलिफोन बिल निम्म्यावर, वरिष्ठांची शाबासकी आणि संगणकखोलीच्या प्रमुखाची रिकामी खुर्ची. त्यासाठी बदलायचे होते फक्त दोन आकडे.

तेव्हा संगणक एकमेकांना फोन लावून पत्रं पोचवत. कुठलं पत्र कोणामार्फत जायचं याचा तक्ता असे. प्रत्येक वाटेपुढे खर्चाचा आकडा, आणि यंत्र सगळ्यात स्वस्त वाट धरी. परगावच्या थेट फोनपुढे तात्यांनी पाच हजार लिहिले, गल्लीपलीकडच्या ग्रंथालयापुढे दहा. म्हणजे पत्रं ग्रंथालयाच्या गळ्यात आणि लांबचा फोन ग्रंथपालबाईंच्या खर्चानं.

आठवडाभर परगावी एकही फोन गेला नाही. तात्या येताजाता त्या खुर्चीची गादी दाबून पाहू लागले.

गुरुवारी दुपारी एक वाजता त्यांची मुलगी खोलीत आली. परगावच्या विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती देऊ केली होती. लेखी होकार आज पाचच्या आत पोचायला हवा होता, आणि तो तिनं सोमवारीच या यंत्रावरून धाडला होता.

"बाबा, पोच आली का?"

तात्यांनी यंत्रातली थांबलेल्या पत्रांची रांग उघडली. पत्र तिथंच होतं. हातातून जाणाऱ्या पत्रावर प्रत्येक यंत्र आपला शिक्का मारी. यावर त्र्याहत्तर होते: कचेरी, ग्रंथालय, कचेरी, ग्रंथालय.

त्यांनी ग्रंथालयाला फोन लावला. "बाई, आमची पत्रं परत का पाठवता?"

"तुमची कुठली? बाहेरचं सगळं मी तुमच्यामार्फतच पाठवते. तुमच्या कचेरीला काय जड आहे?"

"कधीपासून?"

"झाले दोनतीन महिने. आभार मानायचे राहूनच गेले बघा."

बिल का फुगलं होतं ते तात्यांना आत्ता उमगलं. "मग तुमचा तक्ता आधी बदला."

"बदलते की. समितीला विचारून. समिती सोमवारी बसते."

"बाबा," मुलगी म्हणाली, "भांडण सोमवारी करा."

तात्यांनी परगावच्या फोनपुढचे पाच हजार खोडून पाच केले. रांग मोडून एकच पत्र पुढे काढायची सोय यंत्रात नव्हती. मुलीच्या पत्रापुढे चारशे बारा पत्रं उभी होती, त्यातली तीनशे बाईंची. रात्री फोनचा दर निम्मा असे, पण पाचच्या आत रात्र कुठून आणणार? भर दुपारच्या पूर्ण दरानं फोन सव्वातीन तास चालला. पाचला दहा कमी असताना होकार पोचला.

शिष्यवृत्ती मुलीला मिळाली. खुर्ची मिळाली भांडारातल्या कारकुनाला, कारण त्याला यंत्र सुरू करता येत नसल्यानं त्याच्या नावावर एकही बिल नव्हतं. ग्रंथालयाची तीनशे पत्रं ठिकाणी पोचली, बाईंना खर्च शून्य. त्या दुपारच्या फोनचे पैसे कचेरीनं भरले आणि तात्यांच्या पगारातून चार हप्त्यांत कापून घेतले.