सूयुनबेकचा आवाज

सूयुनबेकच्या अंगातलं सगळं बळ गेलं होतं. उरले होते फक्त डोळे, आणि छातीतून ओढूनताणून येणारा श्वास. एके काळी डोंगरातल्या नारीन गावाहून चीनच्या हद्दीपर्यंत ट्रक हाकणारा गडी तो. आजाराने आधी हात नेले, मग पाय, मग वाचा.

वाचा जायच्या आधी मुलीने, नूरझातने, एक शहाणपणा केला होता. त्याच्याकडून शेकडो वाक्यं बोलून घेऊन तिने ती लॅपटॉपमध्ये भरली. पडद्याखालची पट्टी डोळ्यांची हालचाल ओळखायची. तो एखाद्या वाक्यावर नजर रोखायचा आणि त्याचाच घोगरा आवाज यायचा, ‘बुरमाकान, खाऱ्या चहात मीठ कमी पडलंय.’ बायको हसायची.

आता राजधानीतल्या, बिश्केकच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. श्वास कमी पडत चालला होता. गळ्याला भोक पाडून नळी घालायची की नाही, हे रोग्यानेच सांगायचं होतं.

नूरझात कोरियात कामाला होती. निघायच्या आधी तिने फोनवरून बजावलं, “आई, लॅपटॉप मांडीवर ठेव. डिकीत टाकू नकोस. गार पडलाच, तर ऊब येईपर्यंत चालू करायचा नाही, आत पाणी धरतं. आणि आवाजाची प्रत काढलीस का?”

“काढते गं,” बुरमाकान म्हणाली. प्रत राहिली ती राहिलीच.

टॅक्सीत पुढची सीट आडवी करून सूयुनबेकला निजवलं, तेव्हाच मागे जागा उरली नाही. बुरमाकान, शेजारी सायपा नावाची एक सहप्रवासी म्हातारी, तिचं गाठोडं. ड्रायव्हर एर्माट थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा म्हणाला, “एजे, ती लॅपटॉपची पिशवी मागे डिकीत द्या. वळणावर आदळली तर फुटेल. रजईत गुंडाळून ठेवतो, बाळासारखी.”

बुरमाकानने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने दोनदा डोळे मिटले. दोनदा म्हणजे नाही. तरी तिने पिशवी दिली. ड्रायव्हरशी हुज्जत घालायचं तिच्या जिवावर आलं होतं.

डोलोन घाटाच्या चढावर बर्फाच्या वादळाने गाठलं. भरदुपारी समोरचं बॉनेट दिसेना. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. एर्माटने गाडी कडेला घेतली आणि ती मागच्या अंगाने बर्फात रुतली. “इंजिन चालू ठेवतो, नाहीतर गारठून मरू,” तो म्हणाला. काचा घट्ट लावल्या. सायपाने बुरमाकान आणि एर्माटला कुरुत, वाळवलेल्या दह्याचे गोळे, दिले आणि ते चघळता चघळता स्वतःच पेंगायला लागली.

बऱ्याच वेळाने बुरमाकानचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. त्याचे डोळे खिडकी, छत, तिचा चेहरा असे सैरावैरा फिरत होते.

“काय होतंय? पाठ दुखते? पाणी देऊ?”

दोनदा मिटले. दोनदा. पुन्हा दोनदा.

“एर्माट, मला लॅपटॉप हवाय.”

“एजे, बाहेर बघा तरी काय चाललंय.”

“आणतोस की मी उतरू?”

तो शिव्या घालत उतरला. त्याने आणलेला लॅपटॉप हाताला बर्फासारखा लागला. बुरमाकानने कोट उघडून तो पोटाशी धरला. थंडीने तिचा श्वास अडला. थांब, थांब, ती स्वतःला सांगत होती. लेकीने सांगितलंय थांब. पण समोर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ओठ निळे पडायला लागले. मरायच्या आधी हा काहीतरी सांगतोय आणि आपण घड्याळ बघत बसलोय, या विचाराने तिचं भान सुटलं. तिने बटण दाबलं.

पडदा उजळला. त्यावर दव जमत होतं. तिने बाहीने पुसलं, पडदा त्याच्यासमोर धरला. त्याची नजर पट्टीवर गेली, आणि बारीकसा टिक् आवाज होऊन सगळं काळं झालं. तिने पुन्हा पुन्हा बटण दाबलं. काही नाही.

“आवाज मारला मी,” ती म्हणाली. “माझ्या हातानं मारला.”

तिचं डोकं जड झालं होतं. झोप यावी असं वाटत होतं. पण त्याचे डोळे तिला सोडेनात. मग तिला आठवलं, लॅपटॉप येण्याआधी ते अक्षरांनी बोलायचे. ती बाराखडी म्हणायची, हव्या त्या अक्षराला तो डोळे मिटायचा. ती म्हणू लागली. मधेच जीभ अडखळे, पुन्हा पहिल्यापासून. डोळे मिटले ते ‘त’वर. पुढचं, ‘यू’.

“त्यू… त्यूत्यून?” ती पुटपुटली. “धूर? कसला धूर?”

एकदा मिटले. हो.

एर्माट मान टाकून बसला होता. तिने त्याचा खांदा हलवला. “धूर म्हणतायत. इंजिनाचा.”

“छे, कुठाय…” म्हणत त्याने मागे वळून पाहिलं. मागची काच पार बुजली होती. धुराची नळी केव्हाच बर्फाखाली गेली असणार. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, दार लाथ मारून उघडलं आणि बाहेर पडून ओकला. बुरमाकानने सायपाला गालांवर थपडा मारून उठवलं. “मारतेस कशाला गं,” म्हातारी कुरकुरली. बुरमाकानला तिचं ते कुरकुरणं एरवी इतकं गोड वाटलं नसतं.

गाडीतून ओढून काढता येणार नाही असा एकच जण होता. चारही दारं उघडी टाकून तिघांनी सूयुनबेकला रजया, कोट आणि स्वतःची अंगं घालून झाकलं, रस्ता मोकळा करणारं यंत्र येईपर्यंत.

“बायकेंनी, थोरल्या दादांनी वाचवलं,” एर्माट सारखा म्हणत होता. बुरमाकानने बंद पडलेला लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला.

बिश्केकला दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडून मान हलवली. आत पाणी, सगळं जळालेलं. वाक्यं निघणार नाहीत. फोनवर नूरझात आधी ओरडली, मग रडली. “नवा घेऊ, आई.”

“घे. पण तो आवाज कुठून आणशील?”

इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारलं, “नळी घालायची ना? हो की नाही, एवढंच सांगा.”

सूयुनबेकने ना एकदा डोळे मिटले, ना दोनदा. तो बायकोकडे बघत राहिला. तिने बाराखडी सुरू केली. डॉक्टर उभ्या उभ्या चुळबुळ करू लागला. एकेक अक्षर जमत प्रश्न झाला: नळी घातली की घरी जाता येईल?

“येईल,” डॉक्टर म्हणाला. “पण तुमच्या पत्नीला रात्रंदिवस बघावं लागेल. अवघड आहे.”

पुन्हा अक्षरं. या वेळी प्रश्न तिला होता: झेपेल?

बुरमाकानला खोटं बोलवेना. “माहीत नाही,” ती म्हणाली. “मी घाबरलेय.”

त्याने नजर डॉक्टरकडे वळवली. मग त्याने डोळे मिटले. एकदाच.