सूर्यानं गिळलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी संच आहे. आता आलापल्लीकडच्या एका लाकूड-डेपोच्या कोठीत उंदरांना अंगाखांद्यावर खेळवत पडलो आहे. पण एकोणीसशे अठ्ठावन्न साली माझा काय तोरा होता! चांद्याशी, म्हणजे आजच्या चंद्रपूरशी, बोलणारं त्या जंगलात एकटं माझंच तोंड.

मला मनसाराम चालवायचा. पावसाळ्यात ओल शिरली की माझा घसा बसे. मग तो मला खोलून माझे दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह शेगडीच्या उबेला धरी आणि मी पुन्हा बोलू लागे. त्या उपायावर त्याचा भारी भरवसा.

चैतात एके सकाळी सागाचा ओंडका डेपोतल्या एका मजुराच्या, लटारूच्या, मांड्यांवर घरंगळला. चांद्याहून डॉक्टरची मोटर आली तरच तो वाचणार होता. त्याची बायको गुणाबाई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसली आणि मनसारामला विनवू लागली, "लवकर सांग ना गा, भाऊ!"

मनसारामनं चांद्याला हाका मारल्या. उत्तर नाही. माझी नेहमीची खरखरसुद्धा नाही. "काऊन बोलून नाई राह्यला बे तू?" त्यानं मला थापट्या मारल्या. अहो, मी ठणठणीत होतो! पण सांगणार कसा? त्यानं ओल समजून मला खोललं, भर उन्हाळ्यात शेगडी पेटवली.  घाईत मोठा व्हॉल्व्ह त्याच्या हातून निसटला आणि फुटला. दुसरा नव्हता.

लटारूला बैलबंडीत घालून नेलं. दुसऱ्या सकाळी अर्ध्या वाटेवर तो गेला.

दोन महिन्यांनी नवा व्हॉल्व्ह घेऊन संच दुरुस्त करणारा नानाजी मेस्त्री आला. म्हणाला, "त्या दिवशी सारेच संच मुके होते बाप्पा. सूर्याच्या डागापाशी चुंबकी रेघांले पीळ बसत जाते, दोरावाणी. लई झाला का त्या तुटते अन् दुसऱ्याच रेघांशी जुडते. साठलेली ताकद मोकळी होते, बारके कण भन्नाट वेगानं फेकल्या जाते. ते सूर्याच्याच वायूवर आपटले का क्ष-किरण निघते. आठ मिनिटांत इथी येऊन वरच्या हवेले असं करते, का ते आपला आवाजच गिळते."

"मंग सुरू कवा होते?" मनसारामनं विचारलं.

"घंटाभरानं. आपोआप. संचाले हात बी लावा लागत नाई."

मनसाराम कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. घंटाभर थांबलो असतो तर निरोप गेला असता, हे त्यानं गुणाबाईला कधीच सांगितलं नाही. ती जाता-येता मलाच शिव्या द्यायची, आणि तो खाली मान घालून ऐकायचा.

मित्रांनो, गप्प झालेलं यंत्र बिघडलेलंच असतं असं नाही. खोलण्याआधी घटकाभर थांबत जा. लटारू काही परत येणार नाही, तरी सांगतो.