निरोगी पेशीचं चित्र

प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत कुणी मोठ्याने श्वाससुद्धा सोडत नसे. राळेत घट्ट बसवलेल्या पेशींचे काप हिऱ्याच्या सुरीने निघत आणि सुरीलगतच्या पाण्यावर तरंगत. एक सुस्कारा टाकला, की सकाळभराची मेहनत पसार. त्यामुळे मौनीबाईंचं तिथे झकास जमलं होतं. दुपारचे बारा वाजेपर्यंत त्या बोलत नसत. खूण नाही, चिठ्ठी नाही. वडील एका सकाळी गेले, तेव्हा त्यांच्या घशात नळी होती. बोलायचं पुष्कळ होतं, पण नुसते डोळे फिरवत गेले. तेव्हापासून बाईंनी सकाळचं मौन धरलं, ते धरलंच. 'मौनीबाई' हे नाव प्रयोगशाळेने पाडलेलं. त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

वडिलांना ज्या विषाणूने नेलं, त्याच्याच जातीच्या विषाणूची सूक्ष्मदर्शकातून चित्रं काढणं हे त्यांचं काम. आईने एकदा विचारलं होतं, "करतो तरी काय मेला आत शिरून?"

"पेशीत पातळ पडद्यांचं जाळं असतं गं, तिचं स्वतःचं. हा ते ओढतो, वाकवतो, त्याचेच दुहेरी भिंतीचे फुगे करतो. आणि त्यांत बसून स्वतःच्या नकला काढतो. पेशीचे राखणदार बाहेर फिरत राहतात, त्यांना पत्ताच नाही."

"म्हणजे घरातल्याच चादरी फाडून आडोसा केला," आई म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

विभागप्रमुखांना एक औषध सापडलं होतं. ते दिलं, की पेशीत विषाणू शिरला तरी फुगे होत नव्हते. सर हरखून गेले होते. आज औषधकंपनीचे पाहुणे येणार होते, आणि त्यांनी मान डोलावली की औषध माणसांना देऊन बघायचं ठरलं होतं.

त्याच सकाळी बाईंनी राहिलेले काप पाहिले. विषाणू नसलेल्या, निरोगी पेशींचे. त्यांनाही तेच औषध दिलेलं. "ते सवडीने करा हो," म्हणून सरांनी मागे ठेवलेलं काम. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पेशी उमटली आणि बाईंचा हात थांबला. जाळं नव्हतंच. पदराला पदर लागून असायला हवेत, तिथे चिंध्या तरंगत होत्या. औषध विषाणूला अडवत नव्हतं, पेशीचंच जाळं विरघळवत होतं. वाकवायला काही उरलंच नाही, तर फुगे कशाचे होणार?

बारापर्यंत थांबलं तर पाहुणे उठून जातील. बाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात वडिलांची क्षमा मागितली आणि चित्राचा कागद घेऊन बाहेर आल्या.

"सर."

सर दचकलेच. "अहो! तुम्ही बोललात?"

"निरोगी पेशीसुद्धा मरताहेत. हे बघा. हे औषध माणसाला देऊ नका."

सरांनी कागद उजेडात धरला. त्यांची नजर पक्की होती, त्यांना समजायला वेळ लागला नाही. चेहरा उतरला. मग कागदाची घडी झाली आणि ती खिशात गेली.

"काप बिघडला असेल."

"वेगवेगळ्या बशांत वाढवलेल्या पेशींचे आहेत, सर. सगळे असेच."

"बरं, मात्रा कमी करू. बघू पुढचं पुढे. चला आत, पाहुणे खोळंबलेत."

आत सरांनी फुगे नसलेल्या पेशीचं चित्र भिंतीवर दाखवलं. मागच्या रांगेत बाई उभ्या होत्या. सरांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं, क्षणभर ते अडखळले, आणि मग हसले.

"एक गंमत सांगतो. आमच्या या बाई सकाळी कध्धी बोलत नाहीत. व्रत आहे त्यांचं. आज निकाल बघितला आणि मौन सुटलं!"

हशा पिकला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

"तसं नाही, सर, त्या निरोगी..." बाई म्हणाल्या. आवाज मुळातच मऊ, त्यात सकाळची सवय नसलेला. टाळ्यांखाली तो दबून गेला.

पुढचे पाहुणे मागे वळले. "काय म्हणाल्या त्या?"

"आशीर्वाद देताहेत," सर म्हणाले.

बारा वाजले तेव्हा पाहुणे हस्तांदोलनं करत निघाले होते. सर त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. आता बाईंना बोलायची मुभा होती, आणि दालनात रिकाम्या खुर्च्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखा न बोलता चहाचा कप पुढे सरकवला.

"आई, काल मोडलं," बाई म्हणाल्या.

आईने कपावरून हात काढला नाही. "कशापायी?"

"औषध वाईट आहे हे सांगायला."

"मग? ऐकलं का कुणी?"

"टाळ्या वाजवल्या."

आईने त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"तुझ्या बाबांच्या घशात निदान नळी तरी होती," ती म्हणाली.